बंडीभर सरपण

अग्नीविषयी आपल्या पूर्वसूरींनी जे विपुल वाङ्मय निर्माण करून ठेवले आहे, त्यात त्याच्या सात जिव्हांचे वर्णन आहे, त्याच्या वाहनाचे, म्हणजे मेंढ्याचे आहे, त्याच्या स्वाहा नामक भार्येचाही यथोचित उल्लेख आहे. परंतु ह्या देवतेला अहोरात्र लागणारे लाकूड कोणी तोडले, कोणत्या गाडीत भरले आणि त्या गाडीचे चाक वाटेत निखळले तेव्हा कोणता मंत्र म्हटला गेला, ह्याविषयी तेच वाङ्मय आश्चर्यकारक मौन धारण करते. शिष्याने हाती समिधा घेऊन गुरुगृही जावे एवढे विधान सापडते खरे; पण समिधा म्हणजे मूठभर काड्या, आणि मूठभर काड्यांवर जिवतीच्या पहाडावर दोन माणसांच्या चहाला उकळीदेखील येत नाही. तेव्हा सरपणाकडे शास्त्राने पाठ फिरविली, काव्याने धुराचे निमित्त सांगून डोळे पुसले, आणि तो विषय अखेर तिघांच्या वाट्याला आला: गृहिणीच्या, बैलाच्या आणि वनखात्याच्या. ह्या तिघांपैकी पहिल्या दोघांना लिहिण्यास सवड नाही व तिसऱ्याचे लेखन पंचनाम्यापलीकडे जात नाही, म्हणून प्रस्तुत लेखनाचा अधिकार आम्ही विनापरवाना आपल्याकडे घेतला आहे.

जिवती हा चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचा तालुका. गडचांदूर सोडून अमलनाल्याच्या बाजूने माणिकगडाचा घाट चढून वर आले, की जो उंचसखल मुलूख लागतो त्याला कागदोपत्री काहीही नाव असले तरी बोलताना 'पहाड' एवढेच म्हणतात, आणि 'आम्ही पहाडावरचे' ह्या दोन शब्दांत तेथील मनुष्य आपला पत्ता, परिस्थिती व स्वभाव ह्या तिन्हींचा खुलासा करून मोकळा होतो. ह्या पहाडाने जागचे न हलता जेवढा प्रवास केला आहे, तेवढा पायाला भिंगरी असलेल्या मनुष्यानेही क्वचितच केला असेल: राजुरा तहसिलीबरोबर तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना होताच नांदेड जिल्ह्यात गेला, आणि १९५९ साली तेथून उठून चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात येऊन बसला. गोंड आणि कोलाम येथले मूळचे. त्यांच्या शेजारी मराठवाड्यातून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, नांदेड-परभणीकडची कुटुंबे बंडीत संसार घालून वर आली, बंजाऱ्यांचे तांडे आले, आणि गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू, दखनी व दोन-तीन परींची मराठी अशा साऱ्या भाषा एकाच आठवडी बाजारात एकाच वेळी ऐकू येऊ लागल्या. ह्या प्रत्येक भाषेत भांडण होऊ शकते. परंतु घरातले सरपण संपले आहे, हे वाक्य मात्र कोणत्याच भाषेत बोलावे लागत नाही. चुलीपुढून येणाऱ्या भांड्यांच्या आवाजावरून ते गोंडाला, बंजाऱ्याला आणि मराठवाडीला सारखेच समजते.

पहाडाचा मोठा भाग दप्तरी वनजमीन म्हणून नोंदलेला असल्यामुळे, कसणाऱ्याच्या नावे पट्टा व्हावा ह्या मागणीचा अर्ज येथे बापाने लिहावयाचा, मुलाने रेटावयाचा आणि नातवाने त्याची नक्कल काढावयाची, असा एक कुळाचारच पडून गेला आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमान्वये जो अनुसूचित जमातीचा नाही त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. आणि बहात्तरच्या दुष्काळात आलेल्या मनुष्याने हे गणित कोणत्याही रीतीने मांडले तरी उत्तर तेहतीसच येते. अशा ह्या मुलखात दाखल झालेल्या प्रकरणाचा निकाल त्याच दिवशी, तोही दिवेलागणीच्या आत देणारी एकच कचेरी अस्तित्वात आहे, आणि ती म्हणजे चूल. तिच्यापुढे सबब चालत नाही, तारीख वाढवून मिळत नाही, वकील उभा राहत नाही, आणि तिने एकदा 'नाही पेटत' असा हुकूम दिला की त्यावर अपीलही नाही.

ह्या कचेरीचे वार्षिक कामकाज होळीनंतर सुरू होते. तोवर शेतातला माल घरी आलेला असतो आणि मागे पऱ्हाट्या व तुराट्या उरलेल्या असतात. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे वाळलेले झाड, ही वस्तू जळते फार उत्साहाने; परंतु तो उत्साह सभेच्या आरंभी स्वयंसेवकांत दिसतो त्या जातीचा असल्यामुळे, तवा तापून भाकरी पडण्याच्या वेळी चुलीत राख तेवढी हजर असते. तुराटीचा नेट थोडा अधिक, इतकेच. पावसाळ्याचे चार महिने, ज्यात ओल्या काडीला आग लागत नाही आणि चिखलात बंडी चालत नाही, ते पार पाडावयाचे तर घरात जाड लाकूड असले पाहिजे; म्हणून चैत्र लागला की घरातल्या सर्वोच्च सत्तेकडून तोंडी हुकूम सुटतो, आणि तो कोणालाही उद्देशून नसल्यामुळे प्रत्येक पुरुषावर लागू होतो.

हुकूम झाल्यावर प्रथम शस्त्रास्त्रांची जमवाजमव. कुऱ्हाड ही पहाडावर घरोघरी असते, मात्र ज्याची त्याच्या घरी ती गरजेच्या दिवशी नसते. ती शेजाऱ्याकडे गेलेली असते, शेजाऱ्याची त्याच्या साडूकडे, आणि साडूची पलीकडच्या गुड्यावर, म्हणजे वस्तीवर. म्हणून सरपणाच्या मोहिमेचा पूर्वार्ध हा स्वतःच्या वस्तू परत मागून आणण्यात व त्या मागताना चहा पिण्यात जातो. आरा, म्हणजे दोघांनी दोन टोकांना धरून ओढावयाची मोठी करवत, ही याहून नाजूक बाब. आऱ्याचे शास्त्र असे, की प्रत्येकाने आपल्याकडे ओढावयाचे, पण समोरच्याकडे कदापि लोटावयाचे नाही. लोटले की पाते वाकते, अडकते आणि मग दोष कोणाचा ह्याची चर्चा लाकूड कापण्यापेक्षा अधिक वेळ चालते. आपल्याकडे ओढणे हे मनुष्याला शिकवावे लागत नाही. परंतु दुसरा ओढीत असता हात ढिला सोडावा, हे शिकण्यास आयुष्य पुरत नाही, आणि म्हणून वाटण्या झालेल्या सख्ख्या भावांना एका आऱ्यावर बसवू नये असा पहाडावर जाणत्यांचा संकेत आहे.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपण शाळेत निबंधापुरती पाठ केलेली असते. तिचा खरा अर्थ कळावयास धावड्याच्या झाडाखाली उभे राहावे लागते. धावडा कठीण, चिवट व जड. म्हणून कुऱ्हाडीला दांडा धावड्याचा. तो भार सोसतो. म्हणून लोखंडी आस येण्यापूर्वी बंडीचा आस धावड्याचा. आणि तो संथपणे, फारसा धूर न करता, लाल निखारा धरून जळतो. म्हणून बंडीत भरलेले उत्तम सरपणही धावड्याचेच. म्हणजे धावड्याने धावडा तोडावयाचा, धावड्यावर धावडा लादावयाचा, आणि त्या तीन धावड्यांना जंगलाबाहेर काढताना माणसाने फक्त घाम गाळावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. गोतास काळ होणारे एखाददुसरे पात्र प्रत्येक कुळात निघते. इतक्या विविध हुद्द्यांवर राहून आपल्याच गोताचा काळ झालेले धावड्याइतके कर्तबगार पात्र आम्हांस तरी मनुष्यजातीतही आढळलेले नाही.

आता बंडी. देशावर जिला बैलगाडी म्हणतात तिला ह्या बाजूस बंडी म्हणतात, आणि हाकणाऱ्यास धुरकरी. पहाडावर टायरच्या बंड्या पुष्कळ झाल्या आहेत. तरी गोठ्याच्या कुडाला टेकून ठेवलेली, आजोबांच्या वेळची, लाकडी चाकांची एखादी बंडी अजून निघते, आणि सरपणाला नेमकी तीच काढतात, कारण चांगली बंडी लाकडाने खराब होते असे तिच्या मालकाचे मत असते व खराब बंडी लाकडाने आणखी काय खराब होणार, असे घरच्या मंडळींचे. ह्या बंडीचा एकच शत्रू, तो म्हणजे वैशाख. उन्हाने चाकाचे लाकूड सुकते, आकसते, आरे खुळखुळू लागतात, आणि लोहाराने कधीकाळी गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद करून चढविलेली लोखंडी धाव सैल होऊन चाकाला न विचारता स्वतंत्रपणे मार्गस्थ होण्याच्या बेतात येते. यावर शतकानुशतके चालत आलेला उपाय एकच: चाक काढून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, म्हणजे लाकूड फुगते व धाव घट्ट बसते. नदीकाठच्या गावी हा उपाय सोपा आहे. जेथे उन्हाळ्यात दोन हंडे पाण्यासाठी बाईमाणसाला टँकरची वाट पाहावी लागते, तेथे चाकाला अवगाहनस्नान घालण्याचा प्रस्ताव घरात मांडणे म्हणजे काय, हे ज्याने मांडला आहे त्यालाच विचारावे. परिणामी चाकाला ओल्या गोणपाटाचा लेप मिळतो, धावेखाली पाचरी ठोकल्या जातात, आणि 'जाऊन येईस्तोवर टिकंल' अशा सामुदायिक श्रद्धेवर मोहीम निघते.

बंडीला वंगण घालावे ही गोष्ट सर्वांना मान्य असते व कोणीच घातलेली नसते. त्यामुळे ती चालू लागली म्हणजे जो आवाज निघतो, तो सनईच्या सुरुवातीचा आणि कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्याचा असा मिश्र असून, पलीकडच्या टेकडीवर सहज ऐकू जातो. ह्या आवाजाचे कायद्याच्या दृष्टीने महत्त्व फार मोठे आहे. कारण जंगलातून चोरीने लाकूड आणावयाचे असते, तर एवढे वाद्य सोबत घेऊन कोणी शहाणा मनुष्य निघाला असता काय, हा बचाव निदान नैतिक पातळीवर तरी बिनतोड आहे.

कायद्याचे नाव निघालेच आहे, तर त्याच्याकडेही वळू. ह्या विषयातले मूळ शास्त्र म्हणजे १९२७ चा भारतीय वन अधिनियम, आणि त्यातल्या व्याख्या वाचताना ज्याला हसू आवरते त्याने न्यायखात्यात अवश्य नोकरी धरावी. ह्या अधिनियमात 'गुरे' ह्या संज्ञेत हत्ती, उंट, म्हशी, घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या व शेळ्या ह्या सर्वांचा समावेश आवर्जून केलेला आहे. बैलाचे नाव घेण्याची गरज मात्र कर्त्यांना वाटली नाही, इतका तो बिचारा गृहीत धरलेला प्राणी. 'झाड' ह्या संज्ञेत बांबूही होता. बांबू हा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या गवताच्या कुळातला आहे हे मान्य करून त्याला झाडांच्या यादीतून २०१७ साली वगळण्यात आले, म्हणजे गवताला गवत म्हणावयास सरकारला नव्वद वर्षे लागली. आणि 'इमारती लाकूड' म्हणजे काय, तर तोडलेले झाड, तसेच आपण होऊन पडलेले झाडही. तेव्हा वादळात आडवे झालेले खोड पाहून 'हे तर पडलेलेच आहे' असे म्हणण्याची सोय त्या व्याख्येने आगाऊच काढून घेतली आहे. शिवाय आपल्याच शेतातला ऐन असला, तरी तो १९६४ च्या झाडे तोडण्याच्या नियमनाच्या कायद्यातील सोळा अनुसूचित वृक्षांपैकी एक असल्यामुळे, कुऱ्हाडीपूर्वी अर्ज चालवावा लागतो.

वनगुन्ह्यात मालाबरोबर काय काय जप्त करता येते, ह्याची यादी मूळ अधिनियमात अवजारे, नावा, गाड्या आणि गुरे अशी दिलेली आहे. जिवतीच्या पहाडावर नाव चालेल एवढे पाणीच नसल्यामुळे एका साधनाची जप्ती टळते. उरलेली तिन्ही साधने मात्र सरपणाच्या बंडीत एकत्र सापडतात. कल्पना करा की असा प्रसंग खरोखरच आला, तर पंचनाम्याची भाषा काय होईल: "आज रोजी मौजे मजकूरचे शिवारात आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर असता, एक बंडी जुनी, उजवे चाक डुगडुगते, आत जळाऊ लाकूड मिश्र, तसेच बैल नग दोन, पैकी एक पांढरा, शिंगे उभी, दुसरा तांबडा, एक शिंग मोडके, स्वभाव हट्टी, असे मिळून आले, बैलांकडे परवान्याबाबत विचारपूस करता त्यांनी समाधानकारक खुलासा केला नाही, सबब सदर मुद्देमाल जप्त करून, त्यास वैरण घालण्याची तरतूद दप्तरी नसल्याने, सुपूर्दनाम्यावर मूळ धुरकऱ्याचेच ताब्यात दिला असे." जगातील कोणत्याही मुद्देमालाने सरकारला इतक्या लवकर शरण आणलेले नसेल, कारण सोने कपाटात पडून राहते, पण बैलाला संध्याकाळी भूक लागते.

वनहक्क अधिनियमाने पुढे ही सारी दृष्टीच बदलली आणि झुडपी लाकूड, खुंट यांसारखे गौण वनउत्पादन गोळा करण्याचा हक्क वननिवासींचा आहे असे मान्य केले, हे त्याचे मोठेच उपकार. तथापि २००८ साली त्याचे जे नियम झाले, त्यांत हे उत्पादन वाहून न्यावयाची साधने डोक्यावरची मोळी, सायकल आणि हातगाडी अशी तीनच सांगितली होती. नियम करणाऱ्यांपैकी कोणी माणिकगडाचा घाट हातगाडी ढकलीत चढला असेल असे वाटत नाही. बंडी ह्या यादीत कोठेच नव्हती. ज्या बैलाला १९२७ साली जप्तीच्या वेळी आठवणीने धरले, त्याला हक्काच्या वेळी २००८ साली पुन्हा विसरले. २०१२ च्या दुरुस्तीत 'समुचित साधने' असा व्यापक शब्दप्रयोग झाला, तेव्हा कोठे बंडीला कायद्यात उभे राहावयास जागा मिळाली.

मोळी मात्र पहिल्यापासून त्या यादीत अग्रस्थानी होती, आणि ते तिला शोभलेही. कारण बंडी एखाद्या नाल्याच्या उतारावर रुतली, पांढऱ्याने खाली बसण्याचा व तांबड्याने मागे वळण्याचा निर्णय एकाच क्षणी घेतला, आणि गोळा झालेल्या मंडळींत खल सुरू झाला, की मोळीचा पराक्रम उघड होतो. नांदेडकडचे मामा सांगतात, "आधी वझं उतरवा, मंग बघू." चांद्याकडचे भाऊ म्हणतात, "उतरवता काऊन जी? मांगून लोटा ना!" तिसरा तेलुगूत काही सांगतो, ते सर्वांना समजते व कोणीच ऐकत नाही. इतक्यात गुड्यावरच्या बाया डोक्यावर वाळल्या फांद्यांच्या मोळ्या घेऊन, एका हाताने तोल सांभाळीत, कंबरेच्या लयीत झपझप पुढून निघून जातात, त्यांच्यापैकी एखादी वयस्क बाई क्षणभर थांबून, चेहऱ्यावरची रेषही न हलविता, विचारते, "घरी काही निरोप सांगाचा हाय का जी?" दोन बैल, चार पुरुष, एक आरा, दोन कुऱ्हाडी आणि तीन पिढ्यांची बंडी ह्या सर्व सामग्रीवर ह्याहून सविस्तर अभिप्राय देणे कोणालाही शक्य नाही.

लाकूड घरी आले म्हणजे मोहीम संपली, असा समज फक्त अविवाहितांचा असतो. अंगणात बंडी रिकामी होऊ लागली की गृहिणी एकेक ओंडका पायाने लोटून त्याची परीक्षा घेते, आणि ह्या परीक्षेत वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकानेही बसण्याचे धाडस करू नये. धावडा पास, ऐन पास, बाभूळ असल्यास प्रश्नच नाही. सालई पाहताच तिच्या कपाळाला आठी पडते, कारण सालईला चीक फार, धूर फार, आणि पाहता पाहता ती जळून जाते. पळस व काटेसावर ह्यांना लाकूड म्हणणाऱ्याच्या एकंदर समजुतीविषयीच शंका घेतली जाते. तेंदू पेटला म्हणजे तडतडून अशा ठिणग्या उडवितो, की भाकरी थापणारीला स्वयंपाकाबरोबर युद्धप्रसंगाचाही अनुभव येतो. मोहाला तर हातच लावावयाचा नाही. ज्याची फुले वेचून घर चालते त्याला चुलीत घालणारा मनुष्य पहाडावर बेअक्कल ठरतो. आणि शेवटी ओल्या लाकडाचा मुद्दा निघतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणीच असते. म्हणजे ज्या पहाडावर चाक भिजवावयास पाणी मिळाले नाही, त्याच पहाडावर बंडीने दिवसभर जे ओढून आणले त्यात कित्येक मण पाणी होते, आणि ते ना चाकाला उपयोगी पडले, ना बैलाला, ना हंड्यात. गृहिणी हे गणित करीत नाही. ती ओंडका उचलून पाहते, आणि 'पुढल्या सालाला होईल' असा शेरा मारून तो कुडाकडेला लोटते. शेरा मोघम असला तरी त्याचा बोजा कोणाच्या खाती पडला, हे धुरकऱ्याला बरोबर समजते.

ह्या साऱ्या अडचणींवर यंत्रयुगाने काढलेला तोडगा म्हणजे ट्रॅक्टर. आपल्या देशात ट्रॅक्टर तयार होऊ लागला तो १९५९ साली, फरिदाबादेस. आणि सरपणाला येणारा ट्रॅक्टर पाहिला, म्हणजे तो त्या पहिल्या तुकडीनंतर फार उशिराने जन्मलेला नसावा असे वाटते. त्याच्या बॉनेटवरचे कंपनीचे नाव केव्हाच पुसले गेले असून त्या जागी 'आईचा आशीर्वाद' एवढेच उरले आहे, आणि वस्तुतः तो चालतो तेही त्याच बळावर. त्याची बॅटरी घरात दिवा लावण्यासाठी काढलेली असल्यामुळे तो नेहमी उतारावर उभा करतात. उतार सापडला की तो ढकलून सुरू होतो, आणि सुरू झाला की दिवसभर बंद करीत नाहीत, मग लाकूड तोडावयास चार तास लागोत. त्यामुळे हिशेब मांडणाऱ्याला असे दिसते, की डिझेल नावाचे इंधन जाळून लाकूड नावाचे इंधन आणावयाचे, आणि दोन्हींची किंमत जमेस धरता त्या दिवशीची भाकरी गडचांदूरच्या खानावळीत जाऊन खाल्ली असती तरी स्वस्त पडली असती. परंतु असा हिशेब मांडणाऱ्याला पहाडावर ट्रॉलीत मागे बसवितात.

ट्रॉलीचे वर्णन करू नये, ती अनुभवावी. तिला ब्रेक नसतो, दिवा नसतो, आणि मागची फळी तारेने बांधलेली असते. चढावर गाडी थबकली की मागे धावणाऱ्या पोराने चाकाखाली दगड सारावयाचा, हीच तिची ब्रेकव्यवस्था. त्या पोराचा हुद्दा 'क्लीनर' असा असून, पगार ट्रॉलीत बसावयास मिळणे हा. अशाच एका ट्रॉलीत आम्ही खाली खताची पोती, त्यांवर वाटेत भरलेले धावड्याचे ओंडके, आणि त्या सर्वांच्या शिखरावर दोरीने आवळलेला गॅसचा तांबडा सिलिंडर घाट चढताना पाहिलेला आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि शेगडी पहाडावरही पोहोचली, ही गोष्ट चांगलीच झाली. फुंकणीने छाती पोखरून घेण्यात आणि डोळे लाल करून घेण्यात काव्य आहे असे म्हणणाऱ्यांनी ते काव्य एक पावसाळाभर स्वतः करून पाहावे. पण १४.२ किलो वायूची ती टाकी संपली म्हणजे पुन्हा घाट उतरणे आले, रोख पैसे मोजणे आले. म्हणून पाहुणा आला की चहापुरती शेगडी, आणि घरच्या दहा माणसांच्या ज्वारीच्या भाकरीला व गुरांच्या आंबोणाला चूल, अशी कामाची वाटणी घरोघर झालेली दिसते. नव्या इंधनाला जुन्या इंधनाच्या डोक्यावर बसून वर यावे लागते, हे त्या ट्रॉलीतले दृश्य म्हणजे नियोजनाच्या पुस्तकातले एक संपूर्ण प्रकरण होते, मात्र ते कोणी लिहून घेतले नाही.

पहाडाच्या कडेला गेले म्हणजे ह्या प्रकरणाला राज्यघटनेचाही रंग चढतो. जिवती तालुक्यातील सीमेवरच्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ह्या दोन्ही राज्यांचा दावा आहे. तेथे दोन रेशनकार्डे असतात, दोन ठिकाणी मतदान होते, शाळाही दोन्ही सरकारांच्या. दोन सरकारांकडून धान्य मिळणारा हा भाग्यवान नागरिक ते धान्य शिजवावयास लाकूड आणू गेला, की आपण कोणत्या राज्याच्या जंगलात उभे आहोत हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्याच्या दोन्ही कार्डांवर छापलेले नसते. तांदूळ द्यावयास दोन राज्ये पुढे येतात, तो शिजवावयाचा म्हटला की चूल एकच, आणि ती कोणत्याच राज्याच्या पुनर्रचनेत कधी सापडलेली नाही.

आता पुन्हा बंडीकडे. बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी ह्यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला होता, आणि विद्वान मंडळी मोटारी व संगणकांच्या गोष्टी करीत असता हा मनुष्य जू, आस आणि बैलाची मान ह्यांवर बोलत असे, ह्याबद्दल बैलांनी त्यांचे स्मारक उभारावयास हवे. बैलाच्या मानेला जू काचू नये, चाक हलके फिरावे, भार समतोल पडावा, ह्या त्यांच्या म्हणण्यात खोट काढण्यासारखे काही नाही. परंतु जुनी बंडी टिकते ती चांगली आहे म्हणून नव्हे, तर ती मोडली असता जवळच्या माणसाला दुरुस्त करता येते म्हणून. तिचा सुटा भाग जंगलात उभा असतो आणि तिचा कारागीर पुढच्या गुड्यावर. नव्या यंत्राचा एक बोल्ट पडला तर गडचांदूर गाठावे लागते, आणि तेथे तो नसला तर चंद्रपूर. ज्या मुलखात सातबाऱ्याला तीन पिढ्या लागतात, तेथे बोल्टची वाट पाहत चूल बंद ठेवता येत नाही, हे ज्याला कळले त्याला पहाडावरच्या जुन्या अवजारांविषयी निराळे प्रबंध वाचण्याची गरज नाही.

तेव्हा आमचा निर्णय असा, की हिशेबात, कायद्यात व यंत्रशास्त्रात ही मोहीम तिन्ही ठिकाणी तोट्याची ठरते, आणि तरीही ती दरसाल निघते; कारण तोटा मोजणाऱ्या साऱ्या कचेऱ्या संध्याकाळी बंद होतात, आणि चूल त्याच वेळी उघडते. पट्ट्याचा, सीमेचा आणि पाण्याचा प्रश्न सोडविण्याचे सामर्थ्य वाचकांच्या हाती नाही हे आम्ही जाणतो, म्हणून एकच लहानशी विनंती करतो. चैत्र-वैशाखात माणिकगडाचा घाट मोटारीने चढत असाल, आणि समोरून लाकडांनी भरलेली बंडी किंवा ट्रॉली उतरताना दिसली, तर भोंगा वाजवीत बसू नका, मोटार कडेला घ्या आणि वाट द्या. तिला ब्रेक नाही.